इतवारीतील ‘नाववाला’: एका घरात दोन मनी असताना

नागपूरच्या इतवारीत भांड्यांच्या दुकानांची जी ओळ आहे, तिच्यात दोन मोठ्या दुकानांच्या मधोमध जेमतेम चार हात रुंदीच्या जागेत भांड्यांवर नावे घालून देणारे एक लहानसे दुकान आहे. दुकानाला स्वतःचे नाव नाही. शटरवर रंगाने ‘नाव टाकून मिळेल’ एवढेच लिहिलेले आहे, आणि आसपासचे दुकानदारही त्या जागेला ‘नाववाला’ याच शब्दाने ओळखतात. गेल्या सहा महिन्यांत मी तेथे चार वेळा गेले. मांजराच्या गळ्यातला बिल्ला, औषधांचे दोन डबे, तीन वाट्या आणि पितळेचा एक जुना तांब्या एवढे काम मी त्यांच्याकडून करून घेतले. त्या कामाविषयी मी सविस्तर लिहीत आहे, कारण एकाच छताखाली दोघांचे नाव एक असण्याची अडचण अनेक घरांत असते, आणि त्या अडचणीचा इतक्या गांभीर्याने विचार करणारा माणूस मला दुसरीकडे कोठेही भेटला नाही.

आमच्या घरी मनी दोन आहेत. पहिली मनी म्हणजे राखाडी पट्ट्यांचे आठ वर्षांचे मांजर. मराठी घरात आलेल्या मांजरीला मनी म्हणायचे हे इतके स्वाभाविक आहे की तिचे नाव कोणी ठेवले, हेही आता कोणाला आठवत नाही. दुसरी मनी म्हणजे माझी सून मनीषा. माहेरी तिला लहानपणापासून मनी म्हणतात, माझा मुलगाही तिला मनीच म्हणतो, आणि लग्नानंतर महिन्याभरात आम्हा सर्वांच्याही तोंडी तेच नाव बसले. सुरुवातीचे काही महिने यातून काहीच त्रास झाला नाही. कोणी ‘मनी जेवली का?’ असे विचारले की ‘कोणती?’ असा प्रतिप्रश्न यायचा आणि सगळे हसायचे.

ते हसणे मागच्या ऑगस्टमध्ये थांबले. मनीषा तापाने अंथरुणावर होती, मी कामावर होते आणि घरी फक्त सासूबाई होत्या. दुपारी मी फोन करून त्यांना सांगितले, ‘आई, मनीला तापाची गोळी द्या, पण उपाशीपोटी नको, दुधासोबत द्या.’ सासूबाईंचे वय ८२ आहे आणि त्यांना फोनवरचे थोडे कमी ऐकू येते. त्याच दोन दिवसांत मांजरही मलूल होऊन कपाटाखाली बसून राहिले होते आणि आदल्या रात्री तिच्या दुखण्याविषयी आमचे बरेच बोलणे झाले होते. सासूबाईंनी पॅरासिटामॉलची गोळी चमच्याखाली चुरली, ती दुधाच्या वाटीत कालवली आणि वाटी घेऊन त्या कपाटाकडे निघाल्या. पाणी प्यायला उठलेल्या मनीषाने ‘आजी, काय देताय तिला?’ असे विचारले म्हणून तो प्रसंग टळला.

ज्यांच्या घरी मांजर आहे त्यांनी हे नीट लक्षात ठेवावे. माणसाला सहज पचणारे पॅरासिटामॉल निरुपद्रवी करणे मांजराच्या यकृताला जमत नाही, कारण ते औषध शरीराबाहेर टाकण्यासाठी लागणारी यकृतातली प्रक्रिया मांजरात फारच दुबळी असते. त्यामुळे तिच्या रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची क्षमता ढासळते, आणि एका गोळीनेही जीव जाऊ शकतो. त्या दिवशी सासूबाईंची चूक काहीच नव्हती. वाक्य माझे होते आणि त्याचे दोन अर्थ होत होते.

यानंतर नातेवाइकांकडून दोन सल्ले आले. पहिला, मांजराचे नाव बदला. दुसरा, सुनेला घरात दुसऱ्या नावाने हाक मारा, नाही तरी लग्नानंतर नाव बदलण्याची आपल्याकडे रीत आहेच. दुसऱ्या सल्ल्याला सासूबाईंनी ज्या ठामपणे नकार दिला, तो मी यापूर्वी त्यांच्याकडून कधी ऐकला नव्हता. १९६३ साली लग्न होऊन त्या नागपूरच्याच महाल भागातल्या एकत्र कुटुंबात आल्या तेव्हा त्यांचे नाव कमल होते, आणि थोरल्या जाऊबाईंचे नावही कमलच होते. घरात दोन कमल नकोत म्हणून ताटातल्या तांदळांवर सोन्याच्या अंगठीने ‘शालिनी’ हे नाव लिहिले गेले, आणि त्या दिवसापासून त्या शालिनी झाल्या. त्या मला म्हणाल्या, ‘मला कमल म्हणून हाक मारणारा शेवटचा माणूस माझा भाऊ होता. तो गेला, त्याच्यासोबत ते नावही गेलं. आता या पोरीचं नाव कोणी काढून घ्यायचं नाही.’ त्यामुळे आमच्यापुढचा प्रश्न निश्चित झाला. कोणाचेही नाव न पुसता दोघींना वेगळे ओळखता यायला हवे होते.

सर्वांत आधी मी इंटरनेटवरून मांजरासाठी एक बिल्ला मागवला. त्या कंपनीचे नाव मी घेत नाही. मी ‘मनी’ असे टंकून दिले होते आणि आलेल्या बिल्ल्यावर ‘मणी’ असे कोरलेले होते. तक्रार केल्यावर दुसरा बिल्ला आला, त्यावर ऱ्हस्व वेलांटी देऊन ‘मनि’ असे होते. शिवाय तो रंग चढवलेल्या ॲल्युमिनियमचा होता. अशा बिल्ल्यावर लेसरने केवळ वरचा रंग काढलेला असतो, धातूत खाच पडत नाही, त्यामुळे घासून घासून दीड महिन्यात अक्षरे पुसट झाली. तेव्हा शेजारच्या काकूंनी सांगितले की भांड्यांवर नावे घालणाऱ्याकडे जा, त्याच्या हातचे नाव भांडे मोडेपर्यंत जात नाही.

मी मेट्रोने चितार ओळी स्थानकावर उतरून पायी गेले. इतवारीत गाडी लावण्याची सोय नाही म्हणण्याइतकी कमी आहे, म्हणून जाणाऱ्यांनी हाच मार्ग धरावा असे मला वाटते. दुकानदार साठीच्या आसपासचे आहेत आणि त्यांच्या आधी त्यांचे वडील हेच काम याच जागेत करीत असत. मी स्टेनलेस स्टीलचा एक गोल बिल्ला निवडला, कागदावर ‘मनी’ असे लिहून दिले आणि खाली फोन क्रमांक लिहिला. त्यांनी बिल्ला चिमट्यात धरला, सुई हातात घेतली, आणि यंत्र सुरू करण्याआधी विचारले, ‘या नावानं घरात अजून कोणाला हाक मारता का जी?’

हा प्रश्न ऐकून मी चकित झाले, कारण मी त्यांना काहीही सांगितले नव्हते. त्यांचे स्पष्टीकरण साधे होते. मोठ्या एकत्र कुटुंबांत जावांची नावे कधी कधी एक असायची, नणंद-भावजयीची असायची, आणि लग्नात आंदण म्हणून आलेल्या भांड्यांवर नुसते ‘शांता’ असले की वाटणीच्या वेळी कोणते पातेले कोणाचे, यावरून भांडण व्हायचे. म्हणून त्यांचे वडील प्रत्येक गिऱ्हाइकाला हा प्रश्न विचारत आणि उत्तर ‘हो’ असे आले की नवऱ्याच्या किंवा वडिलांच्या नावाचे आद्याक्षर घालत. पण ते अक्षर नावाच्या मागे न घालता पुढे घालायचे, ही त्यांची पद्धत होती. ‘फरकाचं अक्षर मागं टाकलं तं तिथपर्यंत कोणी वाचतच नाही,’ असे ते म्हणाले. मला ही गोष्ट फार मोलाची वाटली. आम्ही घरी त्या वेळी मांजराला ‘मनीमाऊ’ आणि सुनेला ‘मनी’ म्हणण्याचा प्रयत्न करीत होतो, आणि तो आठ दिवसांतच फसला होता, कारण घाईच्या वेळी शब्दाचा मागचा भाग गळून पडतो आणि शिल्लक राहते ती पुन्हा मनीच.

फरक आधी सांगावा, ही रीत आपल्या भाषेत पूर्वीपासून आहे. आपण ‘थोरले बाजीराव’ म्हणतो, ‘सवाई माधवराव’ म्हणतो. कान नावापर्यंत पोहोचण्याआधीच माणूस कोणता हे त्याला कळलेले असते. खुद्द नागपूरच्या भोसले घराण्यात रघुजी तीन होऊन गेले. त्यांपैकी दुसरे रघुजी हे पहिल्या रघुजींचे नातू, आणि दुसरे मुधोजी हे पहिल्या मुधोजींचे नातू. आजोबांचे नाव नातवाला ठेवण्याची रीत राजघराण्यातही तीच होती. १८१७ साली सीताबर्डीच्या टेकडीवर इंग्रजांशी ज्यांच्या फौजेची लढाई झाली ते दुसरे मुधोजी आज कोणाला मुधोजी म्हणून पटकन आठवत नाहीत, त्यांना सारे अप्पासाहेब म्हणूनच ओळखतात. पहिल्या मुधोजींपासून त्यांना वेगळे ओळखण्याचे काम त्या हाकेच्या नावानेच केले आहे.

आता मुख्य कामाकडे येते. बिल्ल्याविषयी त्यांनी मला सल्ला दिला की नाव लहान ठेवा आणि फोन क्रमांक मोठा ठेवा, कारण हरवलेले मांजर ज्याच्या हाती लागेल त्याला तिचे नाव कळून फारसा उपयोग नाही, तिचे घर कोणते हे कळले पाहिजे. पण त्यांचा खरा उपयोग झाला तो औषधांच्या बाबतीत. दुधाच्या वाटीचा प्रसंग मी त्यांना सांगितला तेव्हा त्यांनी हातातले काम बाजूला ठेवून तो पूर्ण ऐकला आणि म्हणाले, ‘औषधाच्या डब्यावर नाव टाकूच नका. एकावर मांजर टाका, एकावर माणूस टाका.’ मी स्टीलचे दोन डबे घेऊन गेले होते आणि एकावर ‘मनी’ व दुसऱ्यावर ‘मनीषा’ असे घालून घेणार होते. तसे केले असते तर चष्मा न लावता डबा उचलणाऱ्या सासूबाईंसाठी दोन्ही डबे सारखेच ठरले असते. आता एका डब्याच्या झाकणावर बोटभर उंचीच्या अक्षरांत ‘मांजर’ असे आहे. खाच खोल असल्यामुळे ती अक्षरे बोटांनाही जाणवतात. ‘माणूस’ लिहिलेला डबा वेगळ्या कपाटात असतो. ‘मांजर’ आणि ‘माणूस’ हे दोन्ही शब्द ‘मा’ने सुरू होतात, हे मात्र त्यांच्या आणि माझ्याही लक्षात आले नव्हते, ते मनीषाने घरी आल्यावर दाखवून दिले. मी दुसऱ्या खेपेला डबा परत नेला तेव्हा त्यांनी काहीही कुरकुर न करता मांजराच्या डब्यावर शब्दाच्या आधी मांजराच्या तोंडाची दोन कानांची आकृती ठिपक्यांनी काढून दिली आणि तिचे पैसे घेतले नाहीत.

घातलेले नाव टिकते कसे, हेही सांगायला हवे. पूर्वी हे काम छिन्नी आणि हातोडीने ठिपक्याला ठिपका जोडून होत असे. आता विजेवर थरथरणारी, कठीण धातूच्या टोकाची सुई वापरतात, पण पद्धत ठिपक्यांचीच आहे, म्हणजे प्रत्येक अक्षर शेकडो बारीक खळग्यांचे बनलेले असते. या खळग्यांमुळे पृष्ठभाग घासला गेला तरी अक्षर राहते. पितळ मऊ असल्यामुळे त्यावर अक्षर सुरेख उठते. मात्र बिल्ल्यासाठी पितळ घेऊ नये, असे माझे मत झाले आहे, कारण त्यात तांबे असते आणि दमट हवेत, पावसाळ्यात, ते काळवंडते. मी हौसेने एक पितळी बिल्लाही करून घेतला होता, तो दोन महिन्यांत इतका काळा झाला की क्रमांक वाचता येईना. स्टीलचा बिल्ला सहा महिन्यांनंतरही पहिल्या दिवसासारखा आहे. मांजरासाठी बिल्ला हलका आणि लहान असावा, आणि पट्टा ताण पडताच आपोआप सुटणारा असावा. नाही तर झाडाच्या फांदीत किंवा खिडकीच्या गजात अडकून गळा आवळला जाण्याचा धोका असतो. असा पट्टा या दुकानात मिळत नाही, तो पाळीव प्राण्यांच्या सामानाच्या दुकानातून वेगळा आणावा लागला. आणि नागपूरच्या उन्हाळ्यात, नवतपाच्या, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत तर नक्कीच, गच्चीवर जाणाऱ्या मांजराच्या गळ्यातला धातूचा बिल्ला दुपारी काढून ठेवावा.

दर अक्षरावर आहे. एका अक्षराचे पाच रुपये, काना-मात्रा-वेलांटीचे वेगळे पैसे नाहीत आणि जोडाक्षर एकच अक्षर म्हणून मोजले जाते. स्टीलच्या बिल्ल्याचे, त्यावरच्या कामासह, ऐंशी रुपये झाले. लेखनाच्या शुद्धतेविषयी मी विशेष समाधानी आहे. त्यांनी माझ्या कागदावरचे अक्षर आधी पाटीवर खडूने मोठे काढून दाखवले, ‘नी दीर्घच ना?’ असे विचारून खात्री करून घेतली आणि मगच सुई टेकवली. धातूवर खोडरबर चालत नाही, असे त्यांचे म्हणणे होते.

मी वाट पाहत असताना एक गृहस्थ टपालपेटीवर लावायच्या दोन पट्ट्या करून घेत होते. त्यांच्या वडिलांचे आणि मुलाचे पूर्ण नाव एकच होते, आणि बँकेची, विजेची, विम्याची पत्रे कोणाची हे पेटी उघडल्यावरही कळत नव्हते. आपल्या नावांच्या रचनेतच हे घडण्याची सोय आहे. समजा पणजोबा वामन, आजोबा गोविंद, वडिलांना त्यांच्या आजोबांचे म्हणून वामन हे नाव मिळाले, आणि मुलाला पुन्हा आजोबांचे गोविंद. मग आजोबा ‘गोविंद वामन’ आणि नातूही ‘गोविंद वामन’, आडनाव तर एकच. मधले नाव फरक दाखवण्यासाठी असते, पण येथे तेही कामाचे राहत नाही. त्या गृहस्थांना एका पट्टीवर ‘ज्येष्ठ’ आणि दुसरीवर ‘कनिष्ठ’ असे हवे होते. दुकानदारांनी त्याऐवजी ‘आजोबा’ आणि ‘नातू’ घाला असे सुचवले, कारण पोस्टमन बदलला तरी हे शब्द त्याला समजावून सांगावे लागत नाहीत. त्यांनी ते मान्य केले. कागदपत्रांसाठी मात्र जन्मतारीख सोबत लिहिण्याखेरीज दुसरा उपाय नाही, आणि तसे त्यांनी त्या गृहस्थांना स्पष्ट सांगितलेही.

या सेवेची मर्यादा कोठे आहे, तेही येथेच सांगते. बिल्ला, डबा, पट्टी या गोष्टी वाचणाऱ्यासाठी असतात. मांजर वाचत नाही. ‘मनी’ अशी हाक मारली की दोघीही वळून पाहत, हा भाग कोणत्याही दुकानात सुटणारा नव्हता. मांजराला आपले नाव कळत नाही, हा समज चुकीचा आहे. जपानमधल्या सोफिया विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात घरातली मांजरे आपले नाव तशाच लांबीच्या इतर शब्दांपासून वेगळे ओळखतात, असे दिसून आले. अनोळखी माणसाने ते नाव उच्चारले तरी त्यांना ओळखता येत होते. मांजरांच्या कॅफेत राहणाऱ्या मांजरांना मात्र आपले नाव आणि सोबतच्या मांजराचे नाव यांत फरक करता आला नाही. अनेक नावे एकाच वेळी, एकाच सुरात कानांवर पडत असतील तर असे होणे स्वाभाविक वाटते. कुत्र्यांच्या बाबतीत बुडापेस्टच्या संशोधकांनी २०२० साली दाखवले की ओळखीच्या शब्दात एखादाच ध्वनी बदलला तर त्यांच्या मेंदूच्या प्रतिसादात फरक दिसत नाही, पूर्ण वेगळा शब्द असेल तर दिसतो. म्हणून ‘शेरू’ आणि ‘मेरू’ अशी जोडी ठेवून काही साधत नाही. आमच्या खालच्या मजल्यावर दोन भाडेकरूंचे दोन शेरू आहेत. त्यांनी एकाला हाक आणि दुसऱ्याला शिट्टी असे ठरवून घेतले आणि दोन आठवड्यांत ते जमले.

आम्ही मांजराचे नाव ‘माऊ’ असे केले, पण तिचे पहिले नाव एकदम काढले नाही. पंधरा दिवस जेवणाच्या वेळी ‘माऊ, मनी, माऊ’ अशी हाक मारली, मग मधला शब्द हळू उच्चारला, मग सोडला. नवे नाव नेहमी वाटीच्या आवाजाच्या आधी घेतले. आज ती ‘माऊ’ला येते आणि ‘मनी’ या हाकेला मान वर करून पाहते, पण उठत नाही. तिच्या तीन वाट्यांवर ‘माऊ’ असे घालून घेतले, गळ्यातल्या बिल्ल्यावर मात्र ‘मनी’ तसेच ठेवले. दवाखान्यातल्या तिच्या कार्डावरही तेच नाव आहे, आणि तेथे ते बदलण्याच्या भानगडीत मी पडले नाही. पशुवैद्यकाकडे मनी, मोती, शेरू, टॉमी या नावांची कार्डे ढिगाने असतात. शहरातल्या एका खासगी दवाखान्यात आमच्या मनीच्या लसीची नोंद दुसऱ्याच मनीच्या कार्डावर झाली होती आणि पुढच्या वर्षी रेबीजच्या लसीची तारीख शोधताना अर्धा तास गेला होता. तेव्हापासून मी नाव न सांगता नोंदणी क्रमांक सांगते. ज्यांना शक्य आहे त्यांनी मायक्रोचिप बसवून घ्यावी. तांदळाच्या दाण्याएवढी ही चिप त्वचेखाली बसते, तिच्यात पंधरा अंकी क्रमांक असतो, आणि तो क्रमांक दुसऱ्या कोणत्याही मनीचा नसतो. मात्र चिप वाचायला यंत्र लागते, म्हणून गळ्यातला बिल्लाही हवाच.

दुकानाविषयीच्या तक्रारीही सांगते. दिलेल्या दिवशी काम तयार असेलच असे नाही; चार खेपांपैकी दोन वेळा मला पुन्हा यावे लागले, आणि लग्नसराईत तर आठवडा लागतो. फोनवर काम घेत नाहीत. पावती देत नाहीत, एका वहीत नाव लिहून घेतात, आणि त्या वहीतही एकाच नावाची दोन गिऱ्हाइके असली तर भांडे पाहूनच ओळख पटवावी लागते. या कामात इतका सावध असलेल्या माणसाने आपल्याच वहीत क्रमांक घालू नयेत, याचे मला वाईट वाटले, आणि मी तसे त्यांना सांगितलेही. पहिल्या बिल्ल्याची कड थोडी धारदार होती. मांजराच्या मानेचे केस तेथे तुटू लागले म्हणून मी तो परत नेला, तेव्हा त्यांनी कानस मारून कड गोल करून दिली. लेसरवर होते तशी एकसारखी, छापील अक्षरे ज्यांना हवी आहेत त्यांचे येथे समाधान होणार नाही. हाताचे काम आहे, दोन ‘म’ सारखे येत नाहीत. तरीही घरात एकाच नावाचे दोघे असतील, मग ती माणसे असोत की जनावरे, तर मी निःसंकोच याच दुकानाचा पत्ता देईन, कारण येथे सुई टेकवण्याआधी प्रश्न विचारला जातो.

चौथ्या खेपेला सासूबाई स्वतः माझ्यासोबत आल्या. त्यांच्या हातात माहेरून आलेला पितळी तांब्या होता, त्याच्या गळ्याशी छिन्नीने घातलेले ‘कु. कमल’ हे नाव चिंच आणि राख लावून लावून इतके झिजले होते की तांब्या उजेडात तिरका धरल्यावरच ते दिसत असे. दुकानदारांनी भिंगातून ती अक्षरे पाहिली. जुन्या खळग्यांतूनच सुई फिरवली तर नाव पूर्वीच्याच वळणात उठेल, नवीन अक्षर काढावे लागणार नाही, असे ते म्हणाले. मग त्यांनी नेहमीचा प्रश्न विचारला, या नावाने घरात अजून कोणी आहे का? सासूबाई म्हणाल्या, ‘होत्या एक. आता मीच आहे.’ त्यांनी खाली ‘शालिनी’ घालू का असे विचारले. सासूबाईंनी थोडा विचार केला आणि नको म्हणाल्या. चार अक्षरांचे वीस रुपये झाले. कुमारीचा ‘कु’ही त्यांनी मोजायला सांगितला, आणि तो तांब्या आता देवघरात नाही, त्यांच्या उशाशी पाणी भरून असतो.